एवेलियोला चिकटलेला शब्द

मी गाशेगो बोलतोय. दचकू नका, मी माणूस नाही, शब्द आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत आणि स्वतःचं घर तर नाहीच नाही. मी लोकांच्या तोंडात राहतो. आज या तोंडात, उद्या त्या. त्यामुळे कुणाच्या घरी काय शिजतंय, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची दाढ किडली आहे, हे मला सगळ्यांच्या आधी कळतं. काही जण याला चोंबडेपणा म्हणतात. म्हणोत बापडे. ज्याचा मुक्कामच दुसऱ्याच्या तोंडात, त्याने कान बंद ठेवून जगायचं तरी कसं?

माझा जन्म स्पेनच्या पार वायव्य कोपऱ्यातला. हिरव्या टेकड्या, गारठा, गाई, आणि कंटाळा आला तरच थांबणारा पाऊस. फार जुन्या काळी तिथे एक टोळी राहायची. रोमन लोक आले आणि त्यांनी त्या टोळीच्या नावावरून सगळ्या मुलखालाच नाव देऊन टाकलं. तो मुलूख म्हणजे गालिसिया आणि तिथला माणूस म्हणजे मी. बघा, जन्मतःच माझ्या बाबतीत काय झालं ते. नाव मूठभर लोकांचं, बसलं सगळ्यांच्या डोक्यावर. ही खोड मला पुढे जन्मभर पुरली.

गावी मला फारसं कुणी काढत नसे. जिथे सगळेच गाशेगो, तिथे कोण कुणाला तशी हाक मारणार? लग्नकार्यापुरता बाहेर निघणाऱ्या कोटासारखा मी पेटीत घडी होऊन पडलेला असायचो. तेव्हा मला ‘गालेगो’ म्हणत. हा मधला ‘श’ मला पुढे अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आइरेसचं पाणी लागल्यावर आला.

पेटीतून मला खरं बाहेर काढलं ते स्पेनच्या मधल्या पठारावरच्या, कास्तियाच्या लोकांनी. उन्हाळा आला की माझ्या मुलखातले पुरुष कास्तियात गहू कापायला जायचे. पाठीवर गाठोडं, विळ्याच्या पात्याला गुंडाळलेल्या चिंध्या, डोक्यावर गवताची टोपी. घाट उतरून तो पिवळा सपाट मुलूख लागला की हाका सुरू. ए गालेगो, इकडे ये. ए गालेगो, तिकडची कड धर. सुरुवातीला मी हुरळलो. एवढं कौतुक घरी कधी झालं नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं, की मला उच्चारताना या लोकांचे ओठ वाकडे होतात. ओझ्याचं जनावर, मठ्ठ, गबाळा, असं काहीबाही ते माझ्या खिशात कोंबत होते. आणखीही एक गोष्ट तिथे घडत होती. ती मला तेव्हा दिसली नाही, आणि दिसली तेव्हा माझीच मान खाली गेली. ती ओघाने येईलच.

मग बोटी निघाल्या. बीगोच्या बंदरातून, ला कोरुन्याच्या बंदरातून, भरभरून माणसं ब्वेनोस आइरेसला उतरली. त्यांत माझी माणसं इतकी होती, की इथल्या लोकांनी हिशेबच सोडून दिला. स्पेनहून आला ना? मग गाशेगो. अंदालुसियाचा असो, कास्तियाचा असो, कुठल्याही गल्लीतला असो. स्पेनच्या उत्तरेकडचे बास्क तेवढे सुटले, कारण बास्क माणसाशी वाद घालायला वेळ कुणाला आहे? आणि माझ्यावरच राग धरू नका. हे शहरच तसं आहे. इटलीतून आलेला प्रत्येक जण इथे तानो. दमास्कस किंवा होम्सहून आलेला, आयुष्यात इस्तंबूल न पाहिलेला अरब, तो तुर्को. तानो आणि तुर्को हे दोघं माझे शेजारी. आम्ही तिघं मिळून सगळी गल्ली सांभाळत होतो म्हणा ना.

त्या गल्लीच्या कोपऱ्यावर एवेलियोचं किराण्याचं दुकान होतं.

हा एवेलियो पालेन्सियाचा, म्हणजे अस्सल कास्तियाचा. त्याच्या बापाची गव्हाची शेतं. धाकटा मुलगा, मोरोक्कोच्या लढाईवर धाडतील या भीतीने एकोणिसाव्या वर्षी बोटीत बसला. गालिसिया त्याने पाहिलं ते बीगोच्या धक्क्यावर, एका संध्याकाळपुरतं, तेही धुक्यात. आणि इथे उतरल्यापासून मी जो त्याला चिकटलो, तो चिकटलोच.

तो मला झटकायचा. रोज, न चुकता. इटलीची दोन्या फिलोमेना, म्हणजे फिलोमेनाबाई, दारातूनच ओरडायची, गाशेगो, अर्धा किलो शेवया दे. एवेलियो तराजूवरून मान वर काढायचा, चष्मा सारखा करायचा आणि शांतपणे म्हणायचा, “बाई, मी पालेन्सियाचा.” फिलोमेना म्हणायची, हो का, मग पालेन्सियाच्या शेवया दे. हे असं अडतीस वर्षं चाललं. फिरून कापड विकणारा सलीम मुद्दाम दुकानात डोकावून विचारायचा, काय गाशेगो, आज कुठला तू? आणि एवेलियो त्याला उलट टोमणा मारायचा, की तू ज्या दिवशी तुर्की बोलशील, तुर्को, त्या दिवशी मी गाशेगो होईन. दोघंही हसायचे. पण हसण्यात फरक होता, तो मला आतून कळायचा. सलीमने आपला शब्द जुन्या चपलेसारखा पायात घालून घेतला होता. एवेलियोला मी चपलेत शिरलेल्या खड्यासारखा टोचत होतो.

माणूस वाईट नव्हता हो. गल्लीत त्याच्या हट्टीपणाच्या कथा फिरायच्या. त्याने म्हणे दारावर पाटी लावली होती, ‘दुकान बंद असताना दार वाजवू नये, उघडं असताना वाजवण्याची गरज नाही.’ पाटी खरंच होती, मी पाहिली आहे. पण काटा बरोबर आला की तो वरून एक मूठ टाकायचा. चणे असोत, तांदूळ असोत. ही वरची मूठ त्याने कधी कुणाला चुकवली नाही, भांडून गेलेल्यालासुद्धा नाही.

आणि आता त्याच्या बायकोचं सांगतो, कारण सगळी गोष्ट तिचीच आहे.

ओतिलिया ओरेन्सेच्या डोंगरातली. म्हणजे खरीखुरी माझी. माझ्या घरची मुलगी. लहान चणीची, हात सतत कशात तरी गुंतलेले, बोलणं मोजकं. सगळ्या ब्वेनोस आइरेसमध्ये एवेलियोला त्याच्या नावाने हाक मारणारी ती एकटी. एवेलियो, दूध उतू चाललंय. एवेलियो, पाय पूस. बाकी सगळ्या शहरासाठी तो मीच होतो. त्याचं नाव फक्त तिच्या तोंडात जिवंत होतं.

दोन चौक सोडून तिच्या गावाकडच्या लोकांचं मंडळ होतं. वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, तिथे दर पंचवीस जुलैला संत सांतियागोचा सण व्हायचा. इथला जुलै म्हणजे ऐन थंडी. काखेतली पिशवी दाबून वाजवायची ती गाइता घुमायची, नाच व्हायचा, आणि ओतिलिया कांदा नि मासळी भरून भट्टीत भाजलेली ताटाएवढी रोटी, एम्पनादा, घेऊन जायची. एवेलियो तिच्यासोबत ताट उचलून जिन्यापर्यंत जायचा. जिन्याच्या खाली ताट तिच्या हातात द्यायचा आणि परत फिरायचा. लग्न झाल्यापासून सत्तावीस वर्षं. विचारलं तर म्हणायचा, गुडघे दुखतात. चाळीस किलोची पोती खांद्यावर टाकणाऱ्याचे गुडघे सणाच्याच दिवशी दुखायचे. ओतिलिया ताट घेऊन एकटीच जिना चढायची.

१९६३ सालचं सांगतो. मंडळाने ठरवलं, की यंदा भिंतीवर आपल्या वाडवडिलांचं काहीतरी लावायचं. फोटो, विळा, टोपी, असेल ते. खाली एक कार्ड, त्यावर नाव, गाव आणि काम. ओतिलियाकडे बापाचा फोटो नव्हता. तिने पलंगाखालची पेटी ओढली आणि तळाशी फडक्यात बांधलेला लाकडी बोटमोजा काढला. कापणीवाले डाव्या हाताच्या बोटांवर घालतात तो, म्हणजे विळा बोटांवर येत नाही. आतून घामाने काळा पडलेला, बाहेरून पात्याच्या खुणाच खुणा.

एवेलियो दुकान बंद करून आत आला. त्याने तो पाहिला आणि चेहरा खुलला. गावची वस्तू इतक्या वर्षांनी दिसली होती ना. खुर्ची ओढून गप्पांच्या सुरात सांगायला लागला, की आमच्याकडे दर उन्हाळ्याला हे घालून गाशेगो यायचे, झुंडीने. खेचरांच्या गोठ्यात झोपायचे. आणि मग हसत बापाचं जुनं वाक्य म्हणाला, जे त्याने लग्नाच्या पहिल्या आठवड्यातही जेवताना सांगितलं होतं. “बाबा म्हणायचे, एक गाशेगो आणि एक खेचर बरोबर असतील तर रस्ता खेचराला विचारावा.”

मी तिथेच होतो, त्याच्या जिभेवर. मला कुठे तोंड लपवावं कळेना.

ओतिलियाने बोटमोजा फडक्याने पुसला. एकदा, दोनदा. मग म्हणाली, “हा माझ्या बाबांचा आहे. अकरा उन्हाळे ते तुमच्या कास्तियात कापायला जायचे. मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू पहिल्याच आठवड्यात हे वाक्य सांगितलंस आणि मीही सगळ्यांबरोबर हसले.”

एवेलियो खुर्चीवरून उठला, तर ती पुढे म्हणाली,

“सत्तावीस वर्षं मी ऐकतेय, तू या गल्लीला सांगतोस, की मी तो नव्हे. मला वाटायचं, असेल गावाचा अभिमान. पण तू जो नाहीयेस म्हणून सांगतोस ना, तो माझा बाप आहे. यंदा ताट मी एकटी नेईन.”

एवढंच. आदळआपट नाही, रडणं नाही. पण त्या दिवसापासून तिच्या तोंडून त्याचं नाव गेलं. दूध उतू चाललंय, एवढंच म्हणायची. पाय पूस, एवढंच. ‘एवेलियो’ नाही. आठ दिवस. तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठं? तुम्हाला दिवसातून दहा जण नावाने हाक मारत असतील, म्हणून वाटेल. त्या माणसाला नावाने ओळखणारं सगळ्या शहरात एकच तोंड होतं, आणि ते मिटलं होतं. आता तो चोवीस तास नुसता मी झाला. दुकानात गाशेगो, रस्त्यावर गाशेगो, आणि घरी काहीच नाही. एकदा तो मापाचं भांडं हातात धरून तसाच उभा राहिला, तांदूळ सांडत होते तरी. दोन्या फिलोमेनाने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि यकृताला चांगला म्हणून कसल्या तरी पाल्याचा कडू काढा आणून दिला. तो त्याने निमूटपणे प्यायलासुद्धा.

पंचवीस तारखेला ओतिलिया ताट घेऊन एकटी गेली. वारा झोंबत होता. एवेलियोने दुकानाच्या काचेतून तिला चौक ओलांडेपर्यंत पाहिलं. तेवढ्यात फिलोमेना आलीच. तिने चिमटा काढला, काय गाशेगो, आज ताटाचा हमाल बदलला वाटतं?

मी सवयीने झटकला जायची वाट पाहत होतो. बाई, मी पालेन्सियाचा. अडतीस वर्षांची सवय ती. पण एवेलियो काही बोललाच नाही. शेवया तोलल्या, वरची मूठ टाकली, पुडी बांधली. फिलोमेना पुडी घेऊन उभीच राहिली. तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं. खरं सांगतो, मलाही झालं.

मग त्याने भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं. युद्धाच्या बातम्यांच्या दिवशीसुद्धा न ओढलेलं. अंगात कोट घातला आणि मंडळाच्या जिन्यापाशी जाऊन उभा राहिला. वरून गाइतेचा आवाज येत होता. पहिली पायरी चढायला त्याला किती वेळ लागला ते सांगत नाही, त्याचा मान राखायला हवा.

वर दारात टेबल टाकून म्हातारा बेनांसियो बसला होता, येणाऱ्याचं नाव वहीत लिहायला. बेनांसियो गेली तीस वर्षं एवेलियोकडून साखर नेत होता. त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, हात्तिच्या, गाशेगो, तू? मग मंडळाच्या दारात बसून आपण काय बोललो ते लक्षात येऊन स्वतःच हसला. पेन्सिल वहीवर टेकवली आणि थांबला.

“नाव काय तुझं?”

“थट्टा करतोस?”

“नाही रे. खरंच. कधी विचारलंच नाही.”

“एवेलियो,” एवेलियो म्हणाला, आणि आठ दिवसांनी ते नाव पहिल्यांदा त्याच्या कानावर पडलं, तेही स्वतःच्याच तोंडून.

आत भिंतीशी ओतिलिया उभी होती. बोटमोजा खिळ्याला टांगला होता, खाली कार्ड. त्यावर तिने लिहिलं होतं, सेराफीन. त्याखाली गावाचं नाव. तिसरी ओळ कोरी. पेन्सिल हातात धरून ती त्या कोऱ्या ओळीकडे बघत होती. बायका पाठीमागून सुचवत होत्या, शेतकरी लिही, सरळ शेतकरी लिही.

एवेलियो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. गाइतेवाला श्वास घ्यायला थांबला होता, त्यामुळे जे बोलणं झालं ते सगळ्या खोलीने ऐकलं.

“आमच्याकडे एक जण यायचा,” तो ओतिलियाला म्हणाला. “सात उन्हाळे. भुवईवर वण होता. शेवटच्या वर्षी मी अठराचा होतो, कोणी कुठे झोपायचं ते बाबांनी माझ्यावर सोपवलं होतं. माडीवरची खोली रिकामी होती. मी त्याला गोठ्यात पाठवलं. निघताना तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, एवेलियो, सांभाळून राहा. त्याला माझं नाव माहीत होतं, ओतिलिया. मला त्याचं अजून माहीत नाही. आम्ही त्याला नुसतं गाशेगो म्हणायचो.”

मघाशी म्हटलं होतं ना, एक गोष्ट ओघाने येईल. ती हीच. कास्तियात लोक मला शिवीसारखं वापरत होते, ते मी ऐकलं होतं. पण मी नक्की काय करत होतो, ते मला त्या खोलीत कळलं. मी त्या भुवईवर वण असलेल्या माणसाच्या नावावर बसलो होतो. सात उन्हाळे, अंगाचा सगळा भार टाकून. आणि अडतीस वर्षं या गल्लीत एवेलियोच्या नावावरही मीच बसलो होतो. मला वाटत होतं, तो मला झटकतोय. तो बिचारा माझ्या खालून बाहेर यायला बघत होता. त्याचा रस्ता चुकला एवढंच. दुसऱ्याला आणखी खाली ढकलून वर यायला बघत होता.

ओतिलियाने पेन्सिल त्याच्या हातात दिली. एवेलियोने कोऱ्या ओळीवर, दुकानातल्या पाट्यांवर लिहायचा तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘कास्तियात गहू कापला. गोठ्यात झोपला.’

बेनांसियो टेबल सोडून मागे येऊन वाचत होता. त्याला ते दुसरं वाक्य पटलं नाही. सणासुदीचं असलं कशाला, भिंतीवर चांगलं काहीतरी असावं, तेवढं पुसून टाक, असं तो म्हणाला. एवेलियोने अंगठा ओला केला, पुसायला.

“राहू दे, एवेलियो,” ओतिलिया म्हणाली. “आहे तसंच राहू दे.”

बाकीच्यांना यात काही विशेष वाटलं नाही. गाइता पुन्हा सुरू झाली. पण एवेलियोने तो ओला अंगठा तसाच धरला होता, आणि चष्म्याच्या काचा पुसायचं निमित्त करून भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. ओतिलियाने एम्पनादा कापली. त्याला एक तुकडा दिला आणि वरून, दुकानात तो द्यायचा तसा, कडेचा कुरकुरीत कोपराही ठेवला.

दुसऱ्या दिवशी सलीम नेहमीप्रमाणे दुकानात डोकावला. त्याने विचारलं, काय गाशेगो, आज कुठला तू? एवेलियोने तराजूवरून मान वर केली.

“ये, सलीम. बस. तुझं गाव कुठलं म्हणालास?”

सलीमने खांद्यावरचा कापडाचा गठ्ठा खाली ठेवला. तीस वर्षांत हा प्रश्न त्याला इथे कुणी विचारला नव्हता. त्या दिवशी त्याने एक वारही कापड विकलं नाही. आपल्या अंगणातल्या जर्दाळूच्या झाडाबद्दल सांगत बसला, दुपार कलेपर्यंत. माझा शेजारी तुर्को त्या दिवशी बेकार होता. मीही होतो. आम्ही दोघं दाराच्या पायरीवर बसून ऐकत होतो.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. एवेलियोही नाही, ओतिलियाही नाही. कोपऱ्यावर आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मंडळाची खोली मात्र आहे, आणि भिंतीवर बोटमोजाही आहे. कार्ड पिवळं पडलंय, पण दोन्ही वाक्यं वाचता येतात. मी अजून या शहरात सगळ्यांच्या तोंडी आहे. आजोबांना प्रेमाने म्हणतात, फुटबॉलमध्ये चिडवायला म्हणतात, नवऱ्याला लाडाने म्हणतात. ज्याने आयुष्यात स्पेन पाहिलं नाही अशा पोरालाही, हट्टीपणा केला की, मीच ऐकवला जातो. म्हातारपणी शब्दाला एवढी माया मिळते, मी तक्रार कशाला करू?

तर मला खुशाल हाक मारा. माझा राग नाही, उलट मला करमतं. फक्त एक ऐका या चोंबड्याचं. मी तोंडात आलो की मागोमाग त्या माणसाचं नावही विचारा, आणि गावही. मी बाजूला सरकून बसेन. मला फार जागा लागत नाही.